वाळवंटात मागचा पाटा तुटला. आता नवा सेट टाकायचा का जुन्याचीच कमान चढवायची?

धुरळा_सोलापूर

नमस्कार मंडळी. जरा लांबडं लिहितोय, कारण आमच्या ग्रुपमध्ये या विषयावरून एवढी तोंडं सुटल्यात की आता बाहेरच्या जाणत्या माणसानंच काय ते सांगावं असं वाटायलंय.

डिसेंबरात आम्ही सोलापूरहून पाच गाड्या घेऊन जैसलमेरला गेलो होतो. पुणे, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर असं करत, एका बाजूनं चौदाशे-पंधराशे किलोमीटर पडतं. दोन जिम्नी, एक नवी थार, एक जिप्सी आणि आमच्या एका मित्राची जुनी डिझेल फोर बाय फोर, जिला पुढं टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी लोखंडी दांडी) अन मागं पाटे (एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. (तिच्या कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर निम्मी मंडळी त्यावरच कुस्ती खेळत बसतील.)

जायच्या आधी मित्रानं त्या गाडीला दोन इंचाची लिफ्ट करून घेतली, म्हणजे गाडी तेवढी उंच केली. मागं एकेक जादा पाटा, लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी), चारी बाजूला नवे शॉकअप, पुढं टॉर्शन बार पिळून वर घेतलेली. काम बाहेरगावच्या एका दुकानात केलं, काम झालं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही निघालोच. सामान म्हणाल तर डिझेलचे दोन कॅन, पाण्याचे कॅन, तंबू, शेगडी, हायलिफ्ट जॅक, वर कॅरियरला जादा स्टेपनी, आणि पाची गाड्यांचं खाण्यापिण्याचं सगळं हिच्यातच, कारण "तुझी गाडी मोठी हाय बे, टाक तिच्यात". कडक भाकरीचं अख्खं पोतं होतं, शेंगाचटणीचे डबे वेगळे.

टेकड्यांवर काहीच त्रास झाला नाही. हवा १६-१८ पीएसआयला आणली होती, सगळ्यात जड असूनही ही गाडी मस्त चढत होती. संध्याकाळी चारच्या सुमाराला कॅम्पकडं परत येताना दोन टेकड्यांच्या मधला सपाट तुकडा लागला, मधी मधी गवताचे अन झुडपांचे पुंजके, तिथं गाड्या तीस-चाळीसनं चालल्या होत्या. ही शेवटची होती. दोनदा दणका बसला, दुसऱ्या दणक्याला मोठा आवाज आला आणि गाडी डावीकडं बसली. उतरून बघतो तर मागचं डावं चाक मडगार्डला मागच्या बाजूनं टेकलेलं. मेन पाटा तुटून अ‍ॅक्सल डावीकडून मागं सरकला होता. त्याच बाजूच्या शॉकअपमधनं तेल पण गळत होतं.

मग जॅक वाळूत खाली जायला लागला, म्हणून स्टेपनी आडवी टाकून तिच्यावर जॅक लावला, चेसिस आणि अ‍ॅक्सलच्या मधी लाकडाचा ठोकळा घातला, रॅचेट पट्ट्यांनी अ‍ॅक्सल पुढं ओढून बांधला आणि चालत्या माणसाच्या वेगानं डांबरीपर्यंत आणली. तिथून टोइंगवर जैसलमेर. तिथल्या पाटेवाल्यानं दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा पाटा कापून-बसवून दिला, त्यावर आम्ही घरी आलो.

आता गाडी डावीकडं दोन बोटं खाली आहे आणि सरळ चालवायची तर स्टेअरिंग थोडं तिरकं धरावं लागायलंय.

ग्रुपमधला एक म्हणतो गाइडनं चुकीच्या वाटेनं नेलं. दुसरा म्हणतो लिफ्ट किट बोगस. तिसरा म्हणतो जोरात हाणली. गाडीमालक म्हणतो वाळवंट आहे, मोडणारच, आणि खर्च सगळ्यांनी वाटून घ्या. वर्कशॉपवाले दोन्ही बाजूचे नवे सेट म्हणतात. अक्कलकोट रोडला एक जुने पाटेवाले आहेत ते म्हणाले, "कमान चढवून, पाणी देऊन, अजून एक पाटा वाढवून देतो, बघायला नको", आणि पैसे निम्म्याच्याही खाली. काय करावं? आणि मुळात तुटला कशानं?

बार्शीकर_बुवा

पाच गाड्यांचा संसार एका गाडीत अन वर विचारताय कशानं तुटला. पोतंभर भाकरीचा तरी पंचनामा झाला पाहिजे बगा.

कमानपाटा

माझ्या घरी दोन पिढ्या पाट्यांचं काम आहे, उसाच्या ट्रॉल्या अन ट्रक, हंगामात रोज तुटके पाटे बघतो, त्यामुळं जरा अधिकारानं बोलतो. "जड होती म्हणून तुटला" एवढ्यावर थांबू नका. आधी एक सांगा, पाटा तुटला कुठं? डोळ्याजवळ (पाट्याच्या टोकाची गोल वळी), मधल्या बोल्टाच्या (सगळे पाटे एकत्र धरणारा) भोकातनं, यू-बोल्टच्या (पाट्यांचा गठ्ठा आवळून धरणारे) कडेला, का डोळा आणि यू-बोल्टच्या मधी कुठंतरी? तुटल्याच्या जागेवरनं अर्धी गोष्ट कळते. तुकडा टाकून दिला नसंल तर बरं.

दुसरं, गाडी तिरकी चालते म्हणता, तर अ‍ॅक्सल अजून जागेवर बसलेला नाही असा माझा अंदाज. सपाट फरशीवर गाडी लावा, पुढची चाकं सरळ करा, पुढच्या चाकाच्या मध्यातनं ओळंबा सोडून खाली खडूनं खूण करा, मागच्या चाकाच्या मध्याची पण तशीच खूण करा, आणि दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. मग दुसऱ्या बाजूला तेच. दोन्हीत फरक आला तर अलाइनमेंटवाल्याकडं जाऊन पैसे घालवू नका, तो पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल (टो) जुळवून देईल अन गाडी तशीच खेकड्यासारखी चालत राहील.

पाट्याच्या गाडीत अ‍ॅक्सलला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. स्प्रिंगच्या गाडीला वेगळ्या लिंका असतात, स्प्रिंग फक्त वजन घेते. इथं पाटाच वजन घेतो आणि पाटाच अ‍ॅक्सल जागेवर ठेवतो. पुढचा डोळा चेसिसला पक्का, मागचा शॅकलवर झुलता, म्हणून मेन पाटा गेला की अ‍ॅक्सल मोकळा. तुमचं चाक मडगार्डला टेकलं ते त्यामुळं, अन प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा) निसटला नाही हे नशीब समजा.

निवृत्त_सारथी

तुझी पोस्ट पूर्ण वाचली. मी फौजेत ड्रायव्हर होतो, बाडमेर-जैसलमेरकडं नोकरीतली बरीच वर्षं गेली, आता होटगी रोडला घरी बसून आहे.

तुमच्या ग्रुपमधले सगळे वाळूला शिव्या देत असतील. पण बाळा, मऊ वाळूत गाडी रुतते, गरम होते, क्लच जळतो. पाटे सहसा तिथं तुटत नाहीत. तू जो मधला सपाट तुकडा म्हणतोस ना, गवताच्या पुंजक्यांचा, तिथं तुटतात. तिकडं सेवण गवत आणि फोगासारखी झुडपं असतात, वाऱ्यानं वाहून आलेली वाळू त्यांच्या बुडाशी साठत जाते, मुळं तिला धरून ठेवतात, आणि गुडघ्याएवढाले टणक उंचवटे तयार होतात. टेकडी लांबून दिसते म्हणून माणूस जपून चढतो, सपाट दिसलं की पाय दाबतो.

चार वाजता कॅम्पला परत येत होता म्हणालास. ऊन पाठीमागं होतं का? असलं तर प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच्या पलीकडच्या बाजूला पडते, तुम्हाला समोरनं ती दिसतच नाही, सगळी जमीन एकसारखी पिवळी दिसते. अशा वेळी आम्हाला वेग निम्मा करायची सक्त ताकीद असायची. त्यात तुमची गाडी शेवटची, म्हणजे पुढच्या चार गाड्यांची धूळ अंगावर. अंतर किती ठेवलं होतं?

बांधाबांध ठीक केलीस. फक्त अ‍ॅक्सल पुढं ओढायला पट्ट्यांपेक्षा साखळी बरी, पट्टी ताणते आणि चेसिसच्या धारेवर घासून तुटते. लाकडाचा ठोकळा होता हे चांगलं. जॅकखाली घालायला एक जाड फळी कायम गाडीत ठेवा, स्टेपनी नेहमी मोकळी मिळेलच असं नाही.

लोखंडी_गप्पा

तुकडा ठेवलाय का हे मी पण विचारणार होतो. धातूचं काम करतो, गाड्यांचं नाही, पण तुटलेला पृष्ठभाग वाचता येतो. एकाच दणक्यात तुटलेला पाटा आत सगळा एकसारखा राखाडी, दाणेदार, चकचकीत दिसतो. आधीपासून चीर असेल तर कडेचा काही भाग काळपट किंवा गंजलेला दिसतो, कधीकधी त्यावर शिंपल्यासारख्या बारीक वळ्या असतात, आणि उरलेला भाग ताजा. वळ्या जिथून सुरू होतात तिथं चीर पडली. जेवढा काळा भाग जास्त, तेवढा पाटा घरूनच मोडत आलेला होता असं समजा.

आणि कोणी मेन पाट्याला वेल्डिंग करून देतो म्हणाला तर तिथून निघा. हे सिलिको-मँगनीज स्टील असतं, त्याचा सगळा गुण उष्णता देऊन आणलेल्या टेम्परमध्ये आहे, वेल्डिंगच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि तिथंच पुन्हा तुटते.

धुरळा_सोलापूर

सगळ्यांचे आभार. काल रविवार होता म्हणून मित्राकडं जाऊन सगळं तपासलं, तुकडे त्याच्या गॅरेजमध्ये होतेच, त्याच्या आईनं भंगारात घालायला काढून ठेवले होते, थोडक्यात वाचले.

कमानपाटा दादा, पाटा बरोब्बर मधल्या बोल्टाच्या भोकातनं तुटलाय. दोन तुकडे समोरासमोर धरले की भोक पूर्ण होतं. भोकाच्या एका बाजूचा भाग तपकिरी-काळा आहे, साधारण पाट्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, बाकी सगळं पांढरं चकचकीत.

उजव्या बाजूला कोणी हात लावलेला नव्हता, जसं काम करून आणलं तसंच आहे. म्हणून तिकडचे यू-बोल्ट बघितले. चारही नटांना पाना लावला तर हातानं फिरायला लागले, दोन तर अर्ध्या फेऱ्याच्या वर फिरले. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो.

ओळंब्याचं पण केलं. डावीकडं अंतर उजवीपेक्षा सव्वा सेंटीमीटरनं जास्त.

काका, ऊन पाठीमागंच होतं, आम्ही पश्चिमेकडनं परत येत होतो. अंतर म्हणाल तर पुढच्या गाडीचे दिवे धुळीत दिसतील एवढंच, म्हणजे फार नव्हतं.

कमानपाटा

झालं मग, गोष्ट उलगडली.

मधल्या बोल्टाच्या भोकात पाटा सगळ्यात कच्चा असतो, तिथं लोखंडच कमी आहे. तरीपण एरवी तिथनं तुटत नाही, कारण यू-बोल्ट घट्ट असले की खालची प्लेट, अ‍ॅक्सलची गादी आणि सगळे पाटे मिळून मधला भाग एक ठोकळा होतो. वाकायचं ते त्या ठोकळ्याच्या बाहेर, दोन्ही हातांना (डोळ्यांकडं जाणाऱ्या दोन बाजूंना) वाकतं. यू-बोल्ट सैल झाले की वाकणं आत भोकापर्यंत शिरतं. मग प्रत्येक खड्ड्याला भोकाच्या कडेवर ताण, तिथं केसाएवढी चीर, चीर वाढत जाते. आमच्याकडं भोकातनं तुटलेला पाटा आला की वडील पाट्याकडं न बघता आधी विचारायचे, "यू-बोल्ट कधी आवळले होते?" यू-बोल्टच्या बाहेर, हाताच्या मधी तुटलेला असता तर मी पण वजनाकडं बोट दाखवलं असतं.

आता सैल का झाले. जादा पाटा घातला की नवा थर येतो. पाट्यांवरचा रंग, गंज, बारीक उंचसखलपणा दाबला जातो, थर एकमेकांवर बसतात, आणि आवळलेला यू-बोल्ट आपोआप ढिला पडतो. नट फिरलेला नसतो, मधला मालच बारीक झालेला असतो. म्हणून पाट्यांचं काम केल्यावर पाचशे-हजार किलोमीटरच्या आत, वजन टाकून, परत आवळायचे असतात. तुमची गाडी काम झाल्यावर तिसऱ्या दिवशी निघाली आणि पूर्ण भरून थेट चौदाशे किलोमीटर धावली. परत आवळायला या असं दुकानवाल्यानं सांगितलं होतं का? सांगितलं नसंल तर त्याच्याशी बोला.

जैसलमेरमधल्या पाटेवाल्याला नावं ठेवू नका. दुसऱ्या गाडीचा पाटा त्यानं तुम्हाला घरापर्यंत पोचवायला बसवला होता, त्याची जाडी, कमान, कशाचाच मेळ नसणार, म्हणून दोन बोटं खाली. सव्वा सेंटीमीटर म्हणजे मधल्या बोल्टाचं डोकं अ‍ॅक्सलच्या गादीतल्या भोकात नीट बसलेलं नाही, किंवा त्या पाट्याचं भोकच वेगळ्या जागी आहे.

लिफ्टप्रेमी_९

म्हणजे लिफ्ट किट निर्दोष सुटलं ना? मघाशी कोणीतरी बोगस म्हटलं होतं. मी पण जादा पाटा घालून फिरतो, एकदा आवळून घेतलं की काही होत नाही.

निवृत्त_सारथी

निर्दोष कुठं? पुढं टॉर्शन बार पिळून गाडी वर घेतलीय ना. बार पिळली म्हणून चाकाची एकूण चाल वाढत नाही, गाडी फक्त त्या चालीच्या वरच्या टोकाला जाऊन बसते. मग खड्ड्यावरनं जाताना चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही, चाक हवेत राहतं नाहीतर शॉकअप टोकाला जाऊन आदळतो. मागं लांब शॅकल आणि जादा पाटा म्हणजे कडकपणा वाढला. गाडी रिकामी असताना उड्या मारणार, भरलेली असताना ठीक वाटणार. दिसायला उंच, चालायला लाकूड. मी तरुण असतो तर मलाही उंचच आवडली असती म्हणा.

वाळूसाठी उंचीपेक्षा टायरची हवा अन वजन कमी ठेवणं हेच कामाला येतं. तुमची जिप्सी गेलीच की नाही? तिला चारी बाजूला पाटे, दोन्ही अ‍ॅक्सल सरळ दांड्याचे, उंची कंपनीची. हलकी म्हणून निघते.

शॉकअप गळाल्याचं कोणी बोललं नाही. ते पण त्याच कहाणीतलं आहे. शॉकअप पाट्याची उडी जिरवतो म्हणजे ती हालचाल तेलात गरमी करून टाकतो. बारीक लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर तासभर चाललात की हात लावता येणार नाही एवढा तापतो, तेल पातळ होतं, त्यात फेस येतो, आणि मग तो नुसता नावाला लटकतो. तशात त्याचं सील जातं. अशा रस्त्यावर मधी मधी थांबून चारही शॉकअपजवळ हात नेऊन बघायचा, एक गार आणि बाकी गरम असतील तर तो गार असलेला मेलेला आहे, काम करत नाही म्हणून गार आहे. पूर्ण मोडला तर काढून गाडीत टाकायचा, लोंबता ठेवला की टायर फाडतो.

सातरस्ता

मधीच घुसतो. इन्शुरन्सचं कोणी विचारलं नाही पण ग्रुपमध्ये उद्या निघेलच. झीज आणि आपोआप झालेला यांत्रिक बिघाड साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत बसत नाही, त्यामुळं पाट्याचा क्लेम टाकायच्या फंदात पडू नका. त्यात गाडी बदललेली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर केलेल्या बदलांबद्दलच आहे, सर्व्हेअरनं लिफ्ट बघितली तर उलट तुम्हालाच प्रश्न.

माळरान

मी गाड्यांमधला नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. "दोन टेकड्यांच्या मधला सपाट तुकडा, गवताचे पुंजके" ज्याला तुम्ही म्हणताय, तेच माळढोकाचं घर आहे. जैसलमेरजवळचं सम आणि आजूबाजूचा बराच भाग डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये किंवा त्याच्या कडेला येतो. तिकडं त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. तो उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालतो, घरटं असं काही बांधतच नाही. २०१९ पासून सममध्ये त्याच्या पैदाशीचं केंद्र चालवावं लागतंय एवढी वेळ आलीय.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही खरं तर. आपल्याकडं नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठीच अभयारण्य झालं, आणि आता तिथं तो दिसला तर बातमी होते. डिसेंबरात अंडी नसतात हे मान्य, विणीचा काळ साधारण उन्हाळा ते पावसाळा. पण गवत तर तुडवलं जातंच, आणि एका गाडीची चाकोरी पडली की पुढच्या दहा त्याच्यावरनं जातात. पुढच्या वेळी जाताना परवानगी असलेल्या टेकड्यांवरच फिरा, अन मधले तुकडे आहे त्या वाटेनं, हळू पार करा. काकांनी सांगितलेलं कारण पण तेच आहे, पाटे वाचतील.

बार्शीकर_बुवा

माळरान ताई/दादा, हे पटलं. नान्नज आमच्या रस्त्यावरच लागतं, लहानपणी शाळेची सहल जायची, आम्हाला काळवीट दिसायचे अन सर म्हणायचे तिकडं लांब बघा तिकडं लांब बघा.

धुरळा_सोलापूर

माळरान, पूर्वी कोणी सांगितलं नव्हतं असं लिहिणार होतो, पण गाइडनं एका ठिकाणी "इधर से नहीं" म्हणून वळवलं होतं ते आता कळलं का ते. ग्रुपवर तुमची पोस्ट टाकलीय.

आता मुद्द्याचं. कमानपाटा दादा, मग जुन्याची कमान चढवायची का नवा सेट? आणि खर्चाचं ग्रुपमध्ये अजून पेटलेलंच आहे. मालक म्हणतो यू-बोल्टचं मला काय माहीत, मी दुकानवाल्याला पैसे मोजले होते.

कमानपाटा

अक्कलकोट रोडचे ते पाटेवाले कोण ते मला अंदाजानं कळले, माणूस चांगला आहे आणि हातात कला आहे. ट्रॉलीला ते म्हणतात ते काम मी पण करतो. पण तुमच्या गाडीला मी नाही म्हणीन, कारण उजव्या बाजूचे पाटे पण तेवढेच किलोमीटर सैल यू-बोल्टवर चाललेत. त्यांच्या भोकाशी चीर सुरू झाली असंल तर बाहेरनं दिसणार नाही, थर उघडल्यावरच कळंल. कमान चढवायची म्हणजे भट्टीत लाल करून वाकवायचं, मग तेलात विझवायचं, मग परत ठरावीक गरमीवर टेम्पर द्यायचं. यातलं शेवटचं पाऊल नीट झालं नाही तर एकतर पाटा महिन्याभरात बसतो नाहीतर काचेगत तुटतो. आणि थंड पाट्यालाच हातोड्यानं ठोकून कमान देतो म्हणणारा भेटला तर ती कमान पुढच्या गतिरोधकापर्यंतच टिकंल.

तेव्हा दोन्ही बाजूचे नवे सेट, कंपनीच्या मापाचे. मधले बोल्ट नवे, यू-बोल्ट पण नवेच, ते एकदा ताणले गेले की परत वापरत नाहीत. डोळ्यातले बुश बघून घ्या. जादा पाटा हवाच असंल तर सामान किती नेणार ते आधी ठरवा, मग घाला, उंच दिसायला म्हणून घालू नका. शॉकअप जोडीनं बदला. पुढची टॉर्शन बार होती तिथं खाली आणा. हे सगळं झाल्यावर ओळंब्यानं परत मोजा.

जुने चांगले उरलेले पाटे टाकू नका, एक मेन पाटा, एक मधला बोल्ट, दोन यू-बोल्ट असं पोत्यात बांधून पुढच्या ट्रिपला न्या. तुमच्या गाडीचाच पाटा असला की वाटेतला कुठलाही पाटेवाला दोन तासात बसवून देतो.

सातरस्ता

खर्चाचं माझं मत. सेट मालकानं घ्यावा, गाडी त्याची आणि बदल त्यानं करून घेतले. टोइंग अन जैसलमेरचं बिल पाचात वाटा, कारण सामान पाची जणांचं होतं. आणि पुढच्या वेळी सामानाचं वजन करून प्रत्येकाच्या गाडीत वाटा. वीस लिटर पाण्याचा कॅन वीस किलोचा, डिझेलचा सतराच्या आसपास, असे चार-पाच कॅन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागं ठेवले की तिथं दोन माणसं बसवल्यासारखंच आहे, आणि कॅरियरवरची स्टेपनी वेगळी. हा हिशेब कोणी करतच नाही.

लिफ्टप्रेमी_९

मी आत्ता खाली जाऊन माझे यू-बोल्ट बघून आलो. एक फिरला. जास्त बोलत नाही.

धुरळा_सोलापूर

मालक तयार झाला. नवे सेट सांगितलेत, टोइंगचे पैसे पाचात. दुकानवाल्याला फोन केला तर तो म्हणे बिलाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय. बिल शोधायला लागलोय. जादा पाट्यावर मात्र मित्र अजून अडून बसलाय, म्हणतो किमान एक इंच तरी राहू द्या बे.

एक शेवटचं, यू-बोल्ट आवळताना गाडी जॅकवर असली पाहिजे का खाली? अन कितीवर आवळायचे?

कमानपाटा

खाली. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर पाहिजे. चारही नट एकदम नाही, तिरक्या क्रमानं थोडे थोडे, टॉर्क रेंचनं, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो तोच घ्या, अंदाजानं पाइप लावून ताणू नका, धागे जातात. मग नटाच्या आणि प्लेटच्या अंगावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, फिरला तर लगेच दिसतो. रेघ तुटलेली नसली तरी पाचशे किलोमीटरला पाना लावायचाच, कारण मघाशी सांगितलं तसं नट न फिरताही ढिला होतो. पंढरपूरला तीन-चार फेऱ्या मारा, तेवढं होऊन जाईल. आणि त्या एक इंचवाल्याला माझ्याकडं पाठवा.